पोत्यातले बटाटे आणि माझा खोडरबर

सोमवार, १० नोव्हेंबर

आज दुकानात पुस्तकांच्या पार्सलातून माझा नवरा निघाला. माजी नवरा. मागच्या कव्हरवर अ‍ॅप्रन घालून, हातात बटाटा धरून, सगळे दात दाखवत हसतोय.

दरवर्षी नाताळच्या सुट्टीआधी आमच्या दुकानातून ‘सुट्टीची पेटी’ निघते. एकाच विषयावरची मुलांची पाच पुस्तकं, वर रिबीन. आत्या, मावश्या, काका, आजोबा ती डोळे मिटून घेऊन जातात, कारण स्वतः निवडायचा त्यांना कंटाळा आणि भलतंच पुस्तक दिलं तर पोरांच्या आयांची बोलणी खायची भीती. मुलांचा विभाग माझ्याकडे, म्हणून पेटीसाठी पुस्तकं गोळा करायचं काम माझं. यंदा मालकीणबाईंनी विषय दिलाय शेती आणि अन्न. “पोरांना वाटतं गहू दुकानात उगवतो,” म्हणाल्या. त्यांच्या स्वतःच्या घरात साधी कुंडी जगत नाही, पण ते असो.

तर प्रकाशकांनी पाठवलेल्या नमुना प्रतींच्या ढिगात हे निघालं: ‘पोत्यातले बटाटे’. कव्हरवर नाव एकच, शेफसाहेबांचं. पोती! बटाटे! माझ्या आईचे!

तीन वर्षांपूर्वी हा माणूस ‘मला इथे गुदमरायला होतं’ म्हणून घरातून गेला. गुदमरणं संपल्यावर पहिलं काय केलं, तर हॉटेल काढलं आणि दारात शोभेला मातीने भरलेली पोती मांडली. मुलाखती देताना डोळे ओले करून सांगतो, म्हणे घरातल्या मोठ्यांकडून शिकलो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. आणि आता पुस्तक.

घर मोडलं, रडून झालं. पण आईची पोती मी त्याला देणार नाही आणि मिरी देणार नाही. मिरी अकरा वर्षांची आहे. शनिवार-रविवार त्याच्याकडे असते. सुट्टी संपल्यावर पुढे कुणाकडे राहायचं ते तिने स्वतः सांगायचं, असं आम्ही दोघांनी मोठ्या शहाणपणाने ठरवलंय. तेव्हापासून मी दिवस मोजतेय.

हे पुस्तक पेटीत जाणार नाही. माझ्या नाकावर टिच्चून तर नाहीच नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पुस्तक उघडलं. ‘माझी आजी पोत्यात बटाटे लावायची’ एवढं पहिलं वाक्य वाचलं आणि मिटून टाकलं. याची आजी! याची आजी आठव्या मजल्यावर राहायची आणि प्लास्टिकची फुलं फडक्याने पुसायची.

पोत्यात बटाटे लावायची ती माझी आई. गॅलरीत. पोत्याची कड खाली दुमडून तळाला माती घालायची, त्यात डोळे फुटलेल्या बटाट्याच्या फोडी ठेवायच्या, पाला वर आला की पुन्हा माती आणि पोत्याची एक घडी वर. असं करत करत पोतं मिरीच्या उंचीचं व्हायचं. मग एका दिवशी गॅलरीभर वर्तमानपत्रं पसरून पोतं उपडं करायचं, आणि मातीत हात घालून बटाटे शोधायचे मिरीने. हे चालू असताना शेफसाहेब सोफ्यावर पडून म्हणायचे, “बाजारात मिळतात की.” आई गेली, पोती मी माळ्यावर टाकली, आणि यांना आजी आठवली!

मालकीणबाईंना म्हटलं, “हे एक बाजूला काढते.”

“का गं? त्याचं नाव खपतं.”

“चित्रं बघा की बाई. अंगठ्याचे ठसे आणि बटाटा कापून मारलेले शिक्के. हात न धुता कोणी कागदावर टेकलंय असं वाटतं.”

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून दोन पानं पाहिली. “मला बरी वाटतात. असू दे. सतरंजी ठरवेल.”

सतरंजी म्हणजे आमच्या दुकानाचं सर्वोच्च न्यायालय. वरच्या मजल्यावरच्या खोलीत दोन आठवडे दहा पुस्तकं सतरंजीवर टाकून ठेवायची. शाळा सुटल्यावर पोरं येतात, त्यांना तिथेच पाव-लोणी, जॅम, केळी, दाणे द्यायचे आणि हात पुसायला काहीही द्यायचं नाही. मोठ्यांनी शब्द बोलायचा नाही. शेवटी जी पाच पुस्तकं सगळ्यात मळकी, ती पेटीत. मालकीणबाई म्हणतात, मूल तोंडाने खोटं बोलेल, बोटांनी बोलत नाही. इतकी वर्षं आम्ही असंच निवडतोय आणि पेटी कधी परत आलेली नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

बाकीची नऊ निवडली. डोकं भणाणलं. शेतीवर लिहिणाऱ्या लोकांनी शेत बसच्या खिडकीतून पाहिलेलं असतं. एका पुस्तकात शेतकऱ्याचा शर्ट पेरणीपासून कापणीपर्यंत पांढराशुभ्र. एकात गाजरं झाडाला लटकलेली. एकात कोंबडी गाणं म्हणत आपल्या पायाने स्वयंपाकघरात जाते. ते वाचून माझंच जेवण गेलं. गांडुळाचं मात्र झकास आहे, त्याला घाई नाही. मधमाशीचं आहे, पावाचं आहे, आणि एक गायीचं, इतकं नीरस की गायसुद्धा प्रत्येक पानावर झोपलेली दिसते.

जेवताना मिरीने विचारलं, “आई, ते बटाट्याचं पुस्तक ठेवलंस का सतरंजीवर?”

“ठेवावं लागलं.”

“चित्रं कशी वाटली?”

“भिकार,” मी म्हटलं. “आमच्या दुकानात शिशुवर्गातली पोरं याहून बरी काढतात. छापणाऱ्याला लाज कशी वाटली नाही कोण जाणे.”

तिने ताट पुढे ढकललं. भूक नाही म्हणाली. बापाच्या पुस्तकाला नावं ठेवली म्हणून लागलं असेल. लागू दे. बापाबद्दल कधीतरी खरं ऐकायलाच हवं. नखांत हिरवा रंग तसाच होता, तो तेवढा घासून काढायला लावला. शनिवार-रविवार तिथे काय उद्योग चालतात देव जाणे.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सतरंजी उघडली आणि माझं नशीब फुटलं.

पोरं आली, पाव उचलले, आणि सरळ बटाट्यांवर तुटून पडली. एक जाडजूड मुलगा पुस्तक पोटावर घेऊन उताणा पडला आणि मोठमोठ्याने हसला. दोन मुलींनी ते ओढाओढी करून पाहिलं. पोतं उपडं होतं त्या पानावर सगळे ठसे स्वतःच्या अंगठ्याने मोजत होते. संध्याकाळपर्यंत पुस्तक असं मळलं की बाकीची नऊ त्याच्यापुढे नुकतीच अंघोळ केल्यासारखी.

दुकान बंद करायची जबाबदारी माझी असते. मिरी शाळेतून दुकानातच येते, तिला खाली पॅकिंगच्या टेबलापाशी बसायला पाठवलं, वरचं आवरून येते म्हटलं. आणि आवरलं. खोडरबर घेतला, पावाचा मऊ गर घेतला, ओलसर फडकं घेतलं. लोण्याच्या डागांवर पावडर टाकून वर वजन ठेवलं. पुस्तकं कशी साफ करायची हे मला या दुकानानेच शिकवलंय.

कुंपणच शेत खातं म्हणतात ना, ती म्हण करणाऱ्याने वाईट अर्थाने केली असेल. कुंपणाचीही काही बाजू असते.

बुधवार, १९ नोव्हेंबर

पुसते आणि पुन्हा मळतं, पुसते आणि पुन्हा मळतं. पण मजा येतेय. खरंच सांगते, तीन वर्षांत एवढी शांत झोप लागली नव्हती. प्रत्येक डागाबरोबर त्याचं एकेक वाक्य पुसते. ‘तुला माझी स्वप्नं कळत नाहीत.’ घास, गेलं. ‘आपण मित्र म्हणून राहू.’ घास, गेलं.

कुठला डाग पोरांचा आणि कुठला छापलेला हेच कधीकधी कळत नाही. छापलेला अंगठा पुसायला गेले आज, पाच मिनिटं घासत होते. स्वतःशीच हसले. छोटासाच अंगठा आहे, मधोमध एक बारीक रेघ, चिरल्यासारखी. बाईमाणसाचा असावा. म्हणजे चित्रंही कुठल्यातरी पोरीकडून करून घेतलीत आणि तिचं नाव नाही घातलं! याची ही जुनीच खोड.

एक गोष्ट मात्र खटकली. शेवटच्या पानावर रोज जॅमचा एक डाग असतो, रोज त्याच जागी. पोरं अशी वेळेवर मळवत नाहीत. कोणीतरी मुद्दाम करतंय. शेफसाहेबांनी माणूस पेरलाय की काय? त्याच्या हॉटेलात जॅमला तोटा नाही. चोर तो चोर आणि वर शिरजोर!

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

गायीच्या पुस्तकाला आज मी स्वतःच्या हाताने लोणी लावलं. प्रत्येक पानाला, खालच्या कोपऱ्यात, पोरांचं बोट जिथे पडतं तिथे. गायीलाच लोणी, त्यात काय पाप.

रविवार, २३ नोव्हेंबर

मिरी नसली की घर खायला उठतं. कपाटं आवरली. माळ्यावर चढून आईची पोती काढावीत असं मनात आलं, पण स्टूल डगमगलं तसा विचारही सोडून दिला.

संध्याकाळी तो तिला सोडायला आला. जिन्यातच उभा. “कशी आहेस?” म्हणाला. मी म्हटलं, “स्वच्छ.” त्याला काही कळलं नाही.

मिरी बूट काढता काढता म्हणाली, “आई, सतरंजीवरची पुस्तकं कोणी पुसतं का गं?”

मी दाराची कडी लावायला वळले. “कोण कशाला पुसेल?”

“मलाही तेच वाटलं. पण एका पुस्तकाचे डाग रोज जातात. फक्त एकाच. जो कोणी करतोय ना, त्याला मी सोडणार नाही.”

“तू कशाला लक्ष घालतेस? अभ्यास कर.”

ती माझ्याकडे बघत राहिली. डोळे माझ्या आईसारखे आहेत तिचे, एकदा रोखले की हटत नाहीत.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

सापडला चोर.

आज मुद्दाम जिन्याच्या वळणावर थांबले. पोरं पांगली होती. खोलीत एकटी मिरी. गुडघ्यांवर बसून तिने बटाट्यांचं पुस्तक उघडलं, शेवटचं पान काढलं, अंगठा जॅमच्या बाटलीत बुडवला आणि कागदावर टेकवला. अगदी हळू, श्वास रोखून. मग लांब धरून पाहिलं. हसली.

माझी मिरी! माझ्या दुकानात, माझ्या नाकाखाली, बापाची दलाली करतेय! त्यानेच शिकवलं असणार, दुसरं कोण? ‘बाळा, बाबाचं पुस्तक पेटीत गेलं पाहिजे हं.’ अकरा वर्षांच्या पोरीला हाताशी धरून आईवर सोडायचं, याला माणूस म्हणायचं? मला वाटत होतं त्याने फक्त पोती चोरली.

मी खोकून वर गेले, ती दचकली, बाटली पाठीमागे लपवली. “चल, खाली जाऊन बस,” एवढंच म्हटलं. ती गेल्यावर ते पान असं घासलं की कागदाची लव उठली.

फोन करून त्याला झोडपून काढावं असं दहादा वाटलं. पण फोनवर मी रडेन, आणि माझं रडणं ऐकायचं सुख मी त्याला देणार नाही. शनिवारी निकाल आहे. तोच माझा फोन.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

आज फजिती झाली. पोरं गेल्यावर पुस्तक हातात घेतलं तर मागचं गुळगुळीत कव्हर चिकट लागलं. दिवा लावून बघते तो जांभळी शाई. खोक्यांवर शिक्के मारायची, पॅकिंगच्या टेबलावरची. कव्हरवर प्लास्टिकचा थर असल्याने त्याच्यावरून निघाली, शेफसाहेबांच्या दातांवरून तर एका फटक्यात. पण माझी चार बोटं जांभळीजर्द. साबण झाला, लिंबू झालं, ढिम्म. पॅकिंगवाले काका म्हणाले, “ताई, ती आठवडाभर जात नाही. आणि हो, तुमच्या मिरीने दुपारी थोडी मागून नेली हो, शाळेला पाहिजे म्हणाली.” शाळेतही हल्ली काय काय करायला लावतात.

जेवताना ताट वाढलं. मिरी माझ्या हाताकडे बघत होती.

“हाताला काय लागलं?”

“शिक्क्याची शाई. पॅकिंगला मदत करत होते.”

“कधी?”

“संध्याकाळी. तू होतीस ना खाली.”

“हो,” ती म्हणाली. “मी होते खाली. टेबलापाशीच.”

घास तोंडात तसाच धरून बसली होती, मग उठून बेसिनमध्ये थुंकला आणि झोपायला गेली. कपाळाला हात लावायला गेले तर तोंड फिरवून म्हणाली, “तो हात नको लावूस.” चेहऱ्यावरून ताप वाटत नव्हता. वयच आहे रुसायचं.

शनिवार, २९ नोव्हेंबर

जिंकले!

मिरी कालच शाळेतून परस्पर त्याच्याकडे गेली, फक्त दोन शब्दांचा निरोप आला. बरंच झालं, निकाल तिच्यासमोर नको होता.

मालकीणबाईंनी दहाही पुस्तकं खिडकीपाशी ओळीने मांडली. पानांच्या कडेवरून बोट फिरवायचं, उजेडाकडे धरायचं, वास घ्यायचा, ही त्यांची पद्धत. गांडूळ पास. मधमाशी पास. पाव पास, त्याला तर मुंग्याच लागल्या होत्या. टोमॅटोचं पास. आणि पाचवी, माझी लोणकढी गाय!

बटाट्यांचं पुस्तक त्यांनी सगळ्यात जास्त वेळ हातात धरलं. शेवटच्या पानावरून बोट फिरवलं, थांबल्या, पुन्हा फिरवलं. मग माझ्या हातांकडे पाहिलं. मी हात पदराआड घेतले.

“पहिल्याच दिवशी यावरून पोरांची भांडणं झाली होती ना गं?”

“नव्याची नवलाई,” मी म्हटलं.

“हं,” म्हणाल्या आणि पुस्तक बाजूला ठेवलं.

येताना स्वतःसाठी महागडं आइस्क्रीम आणलं. एकटीने सगळं खाल्लं. आई, तुझी पोती वाचवली गं मी. त्याचं तोंड बघायला मिळायला हवं होतं.

रविवार, ३० नोव्हेंबर

संध्याकाळ झाली तरी मिरी आली नाही. त्याचा फोन आला.

“ती येत नाही म्हणतेय,” तो म्हणाला. “सुट्टीभर इथेच राहीन म्हणतेय. काय झालं तुमच्यात? सांगत नाही. शुक्रवारपासून नुसती पडून आहे.”

मग मी तीन वर्षांचं सगळं बाहेर काढलं. आईची पोती, त्याची खोटी आजी, आणि लहान पोरीला जॅम घेऊन माझ्या दुकानात पाठवणं. मला वाटलं तो उलट ओरडेल. तो ओरडला नाही.

“अगं, माझी आजी कुठून आली त्यात?” तो म्हणाला. “तिची आजी आहे ती. मिरीची. गोष्ट मिरीने लिहिलीय. मी फक्त शुद्धलेखन बघितलं आणि माती किती घालायची ते तिलाच विचारलं. चित्रंही तिचीच. वर्षभर प्रत्येक शनिवारी बसायची, बटाटे कापून कापून अंगठा चिरून घेतला तिने. प्रकाशकाला माझं नाव हवं होतं. तिचं छापायचंच होतं आत, पण तीच म्हणाली, नमुन्यावर नको. आधी पेटीत निवडलं जाऊ दे. आई स्वतः निवडेल, मग तिला सांगायचं. सुट्टीची भेट होती ती तुझी. तू वाचलंस ना?”

मी फोन ठेवला.

भिकार. शिशुवर्गातली पोरं. छापणाऱ्याला लाज कशी वाटली नाही. हे सगळं मी तिला तिच्या ताटासमोर ऐकवलं. आणि ती सतरंजी उघडल्यापासून जॅम घेऊन बसली, की आईला नाही आवडलं तर सतरंजी तरी सांगेल. ते मी रोज पुसलं. शाई कुणासाठी लावली होती ते आत्ता कळतंय मला, आणि मीच जाऊन हात घातला तिच्यात.

सोमवार, १ डिसेंबर

मालकीणबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. पुस्तक टेबलावर. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाल्या, “खोडरबराने कागदाची लव उठते. मीच तुला दाखवलं होतं, नवीन लागलीस तेव्हा.”

मी सगळं सांगितलं. पुस्तक कुणाचं तेही.

“पेटी बदला बाई. गाय काढा. तिला लोणी मी लावलंय.”

“पुस्तकांची यादी शनिवारीच छपाईला गेली, पैसे भरले लोकांनी. गाय जाईल,” त्या म्हणाल्या. “आणि सतरंजीला मी आता कुठल्या तोंडाने बोलावू पोरांना? यंदा सुट्टीभर तू पॅकिंगला बसायचं. पुढच्या वर्षी निवड दुसरं कोणी करेल.”

“मला काढून टाका त्यापेक्षा.”

“काढून टाकलं तर तुला बरं वाटेल,” त्या म्हणाल्या. “ते मी करणार नाही.”

दिवसभर पॅकिंगच्या टेबलापाशी बसून प्रत्येक पेटीत एक गाय ठेवली. काका मुकाट्याने टेप लावत होते. मध्येच म्हणाले, “शाई जरा फिकी पडली हो ताई.” चांगला माणूस आहे, पण त्या क्षणी त्याचा गळा धरावासा वाटला.

संध्याकाळी केबिनमध्ये पुस्तक मागायला गेले. मालकीणबाई म्हणाल्या, मिरी शाळेतून येऊन घेऊन गेली. माझी वस्तू आहे, द्या, म्हणाली. मी खालीच बसले होते. माझ्या टेबलासमोरून गेली असणार, मी वर बघितलं नाही.

शुक्रवार, ५ डिसेंबर

मिरी आली होती. स्वेटर, रंगांची पेटी आणि दात घासायचा ब्रश घ्यायला. तो खाली गाडीत बसून राहिला. यावेळी वर आला नाही, तेवढी अक्कल त्याला आली म्हणायची.

मी तिच्या मागे मागे फिरत होते. चुकलं म्हटलं. मला माहीत नव्हतं म्हटलं. ती स्वेटरची घडी घालत राहिली.

“माहीत नव्हतं म्हणून पुसलंस?” ती म्हणाली. “म्हणजे बाबाचं असतं तर चाललं असतं?”

खरं उत्तर ‘हो’ होतं आणि तिला ते माहीत होतं.

“चित्रं वाईट नाहीत गं. मी रागाने—”

“तू बघितलीच नाहीस. तू डाग बघितलेस.” मग पिशवीची चेन लावता लावता विचारलं, “वाचलंस किती?”

“पहिलं वाक्य.”

“फक्त?”

“फक्त.”

मला वाटलं आता रडेल. रडली असती तर जवळ घेतलं असतं. पण ती माझ्या आईसारखी उभी राहिली, हनुवटी वर करून, तोंड घट्ट मिटून. बाजारात कोणी मापात मारलं की आई अशी उभी राहायची, आणि समोरचा मुकाट्याने वजनकाटा बदलायचा.

“दे ना वाचायला,” मी म्हटलं. “आत्ता वाचते. इथेच, तुझ्यासमोर.”

“नाही देणार.”

“मिरी.”

“पेटीत गेलं असतं तर लगेच छापलं असतं, आता येईल उन्हाळ्यात. दुकानात. तेव्हा घे, सगळे घेतात तसं, विकत. आणि तुझ्या दुकानातून नाही, तिथे तुला फुकट बघायला मिळेल. दुसरीकडून.”

“आणि सुट्टीनंतर? कुठे राहणार तू?”

“पुस्तक वाचून झालं की विचार.”

“ते तर उन्हाळ्यात येणार.”

“हो,” ती म्हणाली.

दारापर्यंत गेली. बूट घातले, नाडी दोनदा बांधली. मी हात पुढे केला, तिने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. जिना अर्धा उतरली आणि थांबली. वर न बघताच म्हणाली, “आणि वाचशील तेव्हा हात धुऊन बसू नकोस. खात खात वाच.”

गाडी गेल्याचा आवाज आला. उन्हाळ्यापर्यंत माझी पोरगी मला वाट बघायला लावणार, दुसऱ्या दुकानाच्या रांगेत उभी करणार, माझ्याच आईची गोष्ट मला पैसे मोजून घ्यायला लावणार. खोटं कशाला लिहू, मी तिच्या जागी असते तर विकतसुद्धा दिली नसती.